माहिती देणारा ओबेद

माझ्या मामाने आयुष्यात एकदाच सरकारी माणसाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, आणि त्या उत्तरावर सरकारने शाळा बांधून ठेवली.

मामाचं नाव ओबेद. आईचा थोरला भाऊ. गावात सगळ्यात तापट कोण असं विचारलं तर लहान पोरंही त्याच्या घराकडे बोट दाखवायची. कोंबड्यांवर ओरडायचा, पाद्रीबाबांवर ओरडायचा आणि डोंगरावर तर रोज सकाळी. अंगणात तोंड धुता धुता वरच्या धुराकडे बघायचा आणि म्हणायचा, "काय रे, आज काय विचार आहे तुझा?" धूर सरळ गेला तरी त्याला राग यायचा, वाकडा गेला तरी यायचा. आता मी त्याच्याहून तापट झाले आहे. का झाले, तेच सांगायला बसले आहे.

आमच्या बेटाला नदी नाही. बेटाच्या डोक्यावर राखेचं काळं पठार आहे, त्यात ज्वालामुखीची दोन तोंडं, दोन्ही जागी. पठारावर गवताची काडी उगवत नाही. तिथे पाऊस पडला की पाणी मुरत नाही, कारण वरची राख फरशीसारखी घट्ट बसलेली असते. ते सगळं पाणी काठाकडे धावतं, आणि राख, वाळू, झाडं, घराएवढे दगड, हाताला लागेल ते घेऊन घळींमधून समुद्राकडे उतरतं. पण हे कधीतरी. एरवी घळ कोरडी ठणठणीत. तळाला काळी मऊ वाळू, दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर झाडांची सावली. बागेत जायचं, नारळ आणायचे, पलीकडच्या गावी लग्नाला जायचं, तर आम्ही घळीतूनच जातो. गावातला एकुलता एक ट्रकही घळीतूनच चढतो. म्हणून आमच्या भाषेत तिला शब्द एकच आहे, वाट. माणसं चालतात तीही वाट आणि डोंगर उतरतो तीही वाट. कुठल्या दिवशी ती कोणाची असते हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही.

मला मामाने शिकवलं. लहानपणी बागेत जाताना तो घळीच्या भिंतीपाशी थांबायचा आणि काठीने एकेक थर दाखवायचा. "हा करडा, माझ्या आजाच्या वेळचा. त्यावर हा काळा, बापाच्या वेळचा. आणि हा बघ, तुझ्या डोक्याच्या वर चार हात. मी नऊ वर्षांचा होतो. यात आमची गाभण डुकरीण गेली." डुकरिणीचं नाव काढलं की तो पुन्हा तापायचा. एवढ्या वर्षांनीसुद्धा.

मोजणीची दोन माणसं आली तेव्हा मी दुसऱ्या बेटावर शिक्षिका व्हायला शिकत होते. त्यामुळे हे सगळं मामाच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि ते त्याने इतक्या वेळा सांगितलं की मला तोंडपाठ झालं. ती माणसं राजधानीतून आली होती. आमची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून बोलणं झालं ते सगळ्या बेटांवर चालणाऱ्या बाजारच्या भाषेत. वाट दाखवायला मामाला नेलं होतं. घळीच्या तोंडाशी आल्यावर त्यांच्यातल्या टोपीवाल्याने वही काढली.

"हे काय आहे, आपू?"

आपू म्हणजे आजोबा. "आपू म्हणाला मला!" मामा इथे दर वेळी थांबायचा. "माझा तेव्हा एकही दात पडलेला नव्हता!"

"वाट," मामाने सांगितलं.

"लोक वापरतात?"

"नाही, उडत जातात."

"ट्रक जातो?"

"जातो की."

"बाराही महिने?"

"डोंगराला लागत नाही तेव्हा."

टोपीवाला हसला. म्हातारा थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मामाने आमचा शब्द बाजारच्या भाषेत जसाच्या तसा उचलून ठेवला होता, आणि त्या भाषेत वाट म्हणजे नुसता रस्ता. चूक म्हणायची तर तेवढीच. वर्षभराने नकाशा छापून आला. बेटावरच्या बाकी सगळ्या घळी त्यात निळ्या ठिपक्यांच्या होत्या. आमची मात्र लाल, दोन रेघांची, ठळक.

तीन वर्षांनी शाळा मंजूर झाली. नवी शाळा रस्त्याला लागून हवी आणि सपाट जागेवर हवी, असा नियम होता. आमच्या गावात सपाट जागा एकच, घळीच्या तोंडाशी. नकाशात रस्ता शेजारीच होता. राजधानीत बसलेल्या कोणाला तरी फार आनंद झाला असणार. आमच्या बेटावर सपाट जमीन आपोआप होत नाही. ती वरून कोणीतरी आणून टाकलेली असते, आणि ज्याने एकदा टाकली तो पुन्हा टाकायला येतो. हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. पण सिमेंटच्या गोण्या जहाजातून उतरायला लागल्या की माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

मलाही आठवलं नाही. शिकून आले ती थेट त्याच शाळेवर नेमणूक झाली, माझ्याच गावात. तोवर वर्ग चर्चमध्ये भरायचे, बाकांवर कोंबड्या बसायच्या. आता सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर, निळ्या खिडक्या. उद्घाटनाला गावाचे चीफ आरोन यांनी डुक्कर मारलं, बायकांनी कंद किसून केळीच्या पानात लापलाप भाजलं. भाषणं चालू असताना मामा गर्दीतून सरळ पुढे आला.

"ही डोंगराची वाट आहे," तो म्हणाला. "तुम्ही वाटेत पोरं बसवताय. तो काय भोंगा वाजवत येणार आहे का, बाजूला व्हा म्हणून?"

"ओबेद, खाली बस," चीफ आरोन म्हणाले. "लापलाप थंड होतंय."

सगळे हसले. मीही हसले. हे सांगितलं नाही तर बाकीच्यांवर चिडायचा मला हक्क राहत नाही, म्हणून सांगते आहे.

मामा मग होडीने जिल्ह्याच्या ऑफिसात गेला. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा साहेब रजेवर होता. दुसऱ्यांदा साहेब होता पण नकाशा नव्हता. तिसऱ्यांदा मी बरोबर होते. टेबलामागच्या तरुणाने नकाशा उलगडला आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

"हा रस्ता आहे."

"ती घळ आहे," मामा म्हणाला.

"इथे रस्ता लिहिलंय."

"अरे, मी तिथे राहतो!"

"हो, पण आम्हाला नकाशाप्रमाणे चालावं लागतं ना. घळ आहे असं म्हणायचं असेल तर अर्ज करा आणि अर्जाला नकाशा जोडा."

"कुठला नकाशा?"

"हाच. दुसरा नाहीये."

मामाचा आवाज चढायला लागला तसा त्या तरुणाने कपाटातून जुनी फाइल काढली, पानं उलटली आणि एकदम खूश झाला. फाइल आमच्याकडे फिरवून त्याने एक ओळ दाखवली. सगळ्या नोंदींच्या खाली टोपीवाल्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती देणारा: ओबेद.'

"हे तुम्हीच ना, आपू?"

मामाने फाइल मिटून परत सरकवली. घरी येऊन दोन दिवस तो कोणावरच ओरडला नाही. कोंबड्या ओट्यावर चढून बसल्या तरी नाही. मला त्याची खरी भीती वाटली ती तेव्हा.

तिसऱ्या दिवशी त्याने डुकराचं एक नर पिल्लू आणलं आणि त्याचे वरचे सुळे काढून टाकले. वरचा सुळा नसला की खालचा अडत नाही, तो वाढत वाढत गोल वळतो. पूर्ण गोल व्हायला सात वर्षं लागतात. असं डुक्कर मारलं की माणसाची गावात पायरी वाढते, आणि त्या पायरीच्या माणसाला नामेलेच्या झाडाचं पान लावायचा अधिकार मिळतो. नामेलेची दोन पानं आडवी बांधून जिथे लावली तिथून पुढे कोणी जात नाही. लहान डुकरावर लहान पान. त्यावर फार तर स्वतःचं नारळाचं झाड राखता येतं. अख्ख्या गावाला अडवायचं तर सुळा पुरा गोल फिरलेला लागतो. मामाने जन्मात कधी पायरीचा विचार केला नव्हता. त्याची डुकरं इतरांच्या लग्नामयतीतच संपली.

गाव खो खो हसलं. "म्हातारपणी ओबेदला चीफ व्हायचंय!"

मामाने मला एकटीला सांगितलं. "त्यांच्या कागदाला माझा कागद चालत नाही. पण पान कोण ओलांडतं सांग. हेडमास्तर? पोलीस? विमानातून येणारा साहेबसुद्धा पान बघितलं की बूट मागे घेतो. सात वर्षं लागू देत. मी त्या शाळेच्या दारात पान लावीन, आणि ती शाळा तिथून हलवल्याशिवाय काढणार नाही."

डुकराचं नाव त्याने मोजणी ठेवलं.

वरचे सुळे नसलेल्या डुकराला स्वतःचं खाणं उकरून खाता येत नाही. मामा त्याला रोज कोनफळं उकडून, कुस्करून, हाताने भरवायचा. "मोजणी, गीळ लवकर! मोजणी, नखरे नकोत!" अशी त्याची हाक सकाळी शाळेपर्यंत ऐकू यायची आणि पोरं हसायची. दर रविवारी चर्चमधून आला की सुळ्याचं टोक आणि जबडा यांच्यामध्ये तो बोटं लावून बघायचा. आठ बोटं राहिली. सहा राहिली. चार राहिली. पावसाळे येत होते, जात होते, शाळा जागच्या जागी होती. दर पावसाळ्यात मामा हेडमास्तरांकडे जाऊन शाळा बंद ठेवा म्हणायचा, ते नाही म्हणायचे, आणि काहीच व्हायचं नाही. त्यामुळे मामाचं सगळ्यांना पाठ झालं होतं. मलाही.

सहाव्या वर्षी डिसेंबरात डोंगर उठला. तीन आठवडे राख पडत होती. पत्रे करडे, केस करडे, पाण्याच्या टाक्यांत गाळ. वरच्या धुरातून येणाऱ्या आंबट पावसाने कोनफळांचे वेल जळून गेले आणि आम्ही जहाजाच्या तांदळावर जगलो. मग डोंगर गप्प झाला. जानेवारी कोरडा गेला. फेब्रुवारीत शाळा उघडली तेव्हा आकाश इतकं निळं होतं की मी पोरांकडून सगळ्या खिडक्या धुऊन घेतल्या.

दुसऱ्या आठवड्यात मामा संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"दोर्के, उद्या शाळा नको."

माझं नाव दोर्कास. दोर्के फक्त तोच म्हणायचा.

"मामा, बाहेर कोरडं ठाक आहे."

"खाली कोरडं आहे. वर बघ. पठारावर ढग बसलाय, दोन दिवस हललेला नाही. वर नवी राख आहे, हातभर. तुला काय वाटतं, तो ढग तिथे काय करतोय, प्रार्थना?"

"हेडमास्तरांना सांग."

"सांगितलं. तो म्हणतो रेडिओवर आदेश आला तर बंद करीन."

"मग मी काय करू? सहा वर्षं तू दर पावसाळ्यात हेच सांगतोस. लोक मला हसतात, मामा. बाईंचा मामा आला का ओरडून, असं पोरं विचारतात."

"शिकून आलीस," तो म्हणाला, "आणि डोक्यात दोन लाल रेघा मारून घेऊन आलीस."

मला राग आला आणि मी लागेल असं बोलले. "मग लाव ना पान! तुझी मोजणी काय म्हणते?"

त्याने उजव्या हाताचं एक बोट वर केलं. एकच बोट राहिलं होतं. ते बोट त्याने जरा वेळ स्वतःच बघितलं. "एका बोटासाठी डोंगर थांबेल होय गं?" असं म्हणून तो गेला.

सकाळी शाळेच्या अंगणात शिरायच्या जागी नामेलेची दोन पानं आडवी लावलेली होती. त्रेचाळीस पोरं दप्तरं घेऊन अलीकडे, गावाच्या चढाच्या बाजूला उभी होती. हेडमास्तर काल्तोंगा दुसऱ्या बेटावरचे, दुसऱ्याच्या गावात पान बघून त्यांचा चेहरा पडला.

"कोणी लावलं हे?"

"मी," नीरफणसाच्या झाडाखालून मामा म्हणाला.

"तुम्हाला अधिकार आहे?"

"नाही."

असं आमच्या गावात कधीच झालं नव्हतं. बिनअधिकाराचं पान लावणं म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरून वापरणं. चीफ आरोन आले. पुरुष सगळे नाकामालमध्ये जमले. नाकामाल म्हणजे पुरुषांचं घर, तिथे बाईने पाऊल टाकायचं नाही. आम्ही बायका बाहेर बसून कुडाच्या भिंतीतून ऐकत होतो.

"कुठल्या डुकरावर लावलंस पान?" चीफ आरोन यांनी विचारलं.

"आज पोरांना तिथे जाऊ देऊ नका," मामा म्हणाला.

"मी विचारतोय, कुठल्या डुकरावर?"

"अजून मारायचंय."

"म्हणजे चोरीचं पान."

"हो, चोरीचं! घाला मला तुरुंगात! पण ढग बघा रे वरचा, डोळे आहेत ना तुम्हाला?"

वर ढग होता. खाली लख्ख ऊन होतं आणि कपडे वाळत होते. बेट एवढं उंच आहे की डोक्यावर काय चाललंय ते पायाला कळत नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी निकाल लागला. पान खोटं, ते उपटायचं, आणि दंड म्हणून सुळ्याचं एक डुक्कर चीफला द्यायचं. तसं डुक्कर गावात मामाकडेच होतं.

ऊन डोक्यावर आल्यावर चीफ आरोन यांनी स्वतःच्या हाताने पानं उपटली. पण तेवढ्याने भागत नाही. खोट्या पानाची जागा रक्ताने धुवावी लागते, निदान कोंबड्याच्या. चीफने आपला तांबडा कोंबडा आणायला सांगितला. आणणाऱ्याच्या हातून तो सुटला. मग गावातले मोठेमोठे पुरुष, ज्यांनी आताच निकाल दिला होता, ते लुंग्या सावरत त्या कोंबड्यामागे धावायला लागले.

मी संतापाने आतून पेटले होते. अर्धा दिवस वाया गेला होता. माझ्या सख्ख्या मामाने सगळ्या गावासमोर माझी शोभा केली होती. मी लोखंडी सळई घेतली आणि झाडाला टांगलेल्या गॅसच्या रिकाम्या टाकीवर घंटा ठोकली. पोरं आली, आणि पान होतं त्या जागेच्या अलीकडे येऊन थांबली.

"या आत!" मी ओरडले. "पान काढलंय ना?"

एकानेही पाय उचलला नाही. कोंबड्याचं रक्त अजून पडायचं होतं. मग त्यांना लाजवायला मी स्वतः ती जागा ओलांडली, वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि खुर्ची पुढे ओढून बसले. दारातून मला पोरं दिसत होती, त्यांच्यामागे पळणारे पुरुष दिसत होते. कोंबडा झाडावर चढला होता.

तेवढ्यात मानेला गार वारा लागला.

भर दुपारी, त्या उन्हात, डोंगराकडच्या खिडकीतून. टेबलावरची खडूची पूड सरकली. घळीतून चिखल उतरतो तेव्हा तो पुढची हवा ढकलत आणतो, आणि ती वरची, गार असते, हे मामाने मला शंभरदा सांगितलं होतं. मला ते कळलं. बसल्या जागी, स्वच्छ कळलं. आणि तरी मी उठले नाही. झुळूक असेल, असं मी स्वतःला सांगितलं. हजेरीपट उघडून त्यातही तीच तारीख लिहिली.

मामा दारातून आला. त्याचे गुडघे गेलेले होते, तरी तो कसा आला कोण जाणे. त्याने मला दंडाला धरून खुर्चीवरून उपटलं. बाहेर पडता पडता तो पोरांवर ओरडला, "वर! चढावर! दप्तरं टाका, वर पळा!" त्रेचाळीस पोरं चढाच्या बाजूलाच उभी होती. ती पळाली. आम्ही दोघं दरडीशी पोचलो, त्याने मला खालून ढकललं, आणि मग आवाज आला. आवाज शेवटी आला. मी मागे वळले तेव्हा डोंगराकडची भिंत गेली होती, आणि एक आडवं झाड मामाच्या पायावरून सरकून पुढे जात होतं. छप्पर अख्खंच्या अख्खं समुद्राकडे निघालं होतं. मी दोन्ही हातांनी त्याला वर ओढलं.

कोणी मेलं नाही. म्हणून राजधानीत कोणाला काही वाटलं नाही. माणूस मेला असता तर साहेब विमानाने आले असते. हा साहेब दोन महिन्यांनी जहाजाने आला. मामा पायाला बांबूच्या पट्ट्या बांधून अंगणात पडला होता. साहेबाने फाइल उघडली आणि म्हणाला, "शाळा रस्त्यालगत आहे ही माहिती इथल्याच माणसाने दिली होती, असं दिसतंय."

"मीच तो," मामा म्हणाला. "आता तरी खोडाल का ती रेघ?"

"नवीन मोजणी झाली की बघू."

आणि दंड? चिखल वाळायच्या आत चीफ आरोन दोन माणसं घेऊन आले. नाकामालमध्ये लागलेला निकाल परत घेता येत नाही, म्हणाले. त्यांचा नातू त्या त्रेचाळिसात होता. मी त्यांना नाही नाही ते बोलले, शेजारणींनी मला धरून ठेवलं.

मामा मात्र पडल्या पडल्या म्हणाला, "जाऊ दे, दोर्के. घेऊन जा रे त्याला. कोनफळं उकडून कुस्करून द्या. वरचे सुळे नाहीत त्याला, आपलं आपण खाता येत नाही."

मोजणी जायला तयार नव्हतं. तिघांनी बांधून नेलं. पुढच्या वर्षी त्याच्या सुळ्याचं शेवटचं बोट भरलं, आणि चीफ आरोन त्याला मारून स्वतः पुढची पायरी चढले. मटणाचा वाटा आमच्या घरी पाठवला होता. मामाने तो कुंपणाबाहेर पुरला.

त्यानंतर मामा तीन वर्षं लंगडत जगला. सकाळी तोंड धुताना डोंगराकडे बघायचा, पण बोलायचा नाही. या मे महिन्यात तो गेला.

आणि गेल्या महिन्यात जहाज आलं. सिमेंट, सळया, पत्रे. नवी शाळा मंजूर झाली आहे. आम्ही चर्चमध्ये कोंबड्यांसोबत शिकवतो, म्हणून मला आधी आनंद झाला. मग मी बघितलं तर गोण्या उतरत होत्या घळीच्या तोंडाशी. हेडमास्तरांनी मला कागद दाखवला. नकाशा तोच आहे, रेघ तीच आहे. जागेच्या पाहणीत लिहिलं आहे की जागा रस्त्यालगत असून पूर्वीपेक्षा अधिक प्रशस्त व सपाट झाली आहे. मी ते तीनदा वाचलं. सपाट झाली आहे! माझी खुर्ची त्याच्याखाली आहे. माझा फळा त्याच्याखाली आहे, तारखेसकट.

आज पहाटे मी मामाचा कोयता घेऊन वर गेले, नामेलेची दोन पानं तोडली, आणि सिमेंटच्या ढिगावर आडवी लावली. मला पायरी नाही, मी डुक्कर पाळलेलं नाही, आणि मी बाई आहे. बाईने पान लावल्याचं कोणी ऐकलेलं नाही. तरी सकाळपासून एका गड्यानेही गोणीला हात लावलेला नाही. साहेबाचा माणूस आला, त्याने पान बघितलं आणि बूट मागे घेतला. मामा म्हणायचा तसाच.

दुपारी चीफ आरोन यांचा निरोप आला, शनिवारी निकालाला हजर हो. मी उलट निरोप धाडला आहे की नाकामालमध्ये बाईला पाऊल टाकता येत नाही, तेव्हा ज्यांना निकाल करायचा असेल त्यांनी बाहेर या, घळीच्या तोंडाशी, मी तिथे उभी असेन. कोणी लिहून घेणार असेल तर त्याने नाव नीट लिहावं. माहिती देणारी, दोर्कास, ओबेदची भाची. ही वाट डोंगराची आहे.

चीफ आरोन मला एकच प्रश्न विचारणार. कुठल्या डुकरावर लावलंस पान?

मी सांगणार आहे, मोजणीवर.